रायफलचे कान आणि आपला डोळा

प्रश्न : सुभेदारसाहेब, रामराम. मी पाटण तालुक्यातला शेतकरी, वय 58. आजोबांची बोल्टची रायफल वडिलांकडून माझ्या नावावर आली आहे. परवाना पीकसंरक्षणाचा आहे आणि चालू आहे. बॉडीवर ‘यू. एस. मॉडेल ऑफ 1917’, त्याखाली ‘एडीस्टोन’ आणि नंबर आहे. नळीवर .30-06 आणि शेजारी 2.494 असा आकडा आहे, तो कशाचा ते कळत नाही. पुढच्या लाकडावर लाल रंगाचे पुसट डाग आहेत. आजोबांनी ती पहिल्या महायुद्धातून आणली, असं घरात सांगतात. नळी 22 इंच. मागची साईट नळीवर बसवलेली, व्ही खाचेची, ती आता हलते. गेल्या दिवाळीत रायफल जीपमधून पडली आणि पुढचं पान, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरायला असते ती माशी, वाकलं. चुलतभावाने ते पक्कडीने सरळ केलं. नंतर रेंजवर पाच गोळ्या झाडल्या, तर 50 मीटरवर सगळ्या 21 सेंटिमीटर वर. शिवाय खाच आणि पुढची माशी मला आता एकदम दिसत नाहीत. मुलगा म्हणतो, दुर्बीण लावा. चुलतभावाचं कराडला वेल्डिंगचं दुकान आहे, तो म्हणतो नवीन साईट आण, मी मारून देतो. काय करू?

उत्तर : दादा, रामराम. सगळ्यात आधी चुलतभावाला थांबवा. त्याचा हात चांगला असेल, गेट आणि ट्रॉल्या झकास करत असेल, पण रायफलच्या बॉडीला वेल्डिंगची ठिणगीसुद्धा लागू द्यायची नाही. काडतूस फुटलं की त्याचा दाब बोल्ट झेलतो आणि बोल्टला बॉडी झेलते. त्यासाठी कारखान्यात त्या निकेल पोलादाला बेतानं पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही. बोल्ट फिरतो, चाप सुटतो, सगळं जागच्या जागी वाटतं. आपला गाल मात्र तिथून चार बोटांवर टेकलेला असतो.

आता त्या 2.494 चं कोडं. .30-06 या काडतुसाच्या पितळी पुंगळीची ती लांबी आहे, इंचांत. अमेरिकन लष्कर नळीवर असं काही लिहीत नसे. ही पद्धत विलायतेतल्या प्रूफ हाऊसची. जादा दाबाचं काडतूस नळीत उडवून बघायचं, नळी टिकली तर शिक्का मारायचा. भिंग घेऊन बघा, जवळपास मुकुट आणि त्याखाली बी.एन.पी. अशी अक्षरं सापडली तर तो बर्मिंगहॅमचा शिक्का. लाल डागांचाही उलगडा तिकडेच होतो. 1940 पासून अमेरिकेनं या रायफली ब्रिटनच्या होमगार्डला दिल्या. त्या लोकांचं नेहमीचं काडतूस .303, आणि हिचं .30-06. अंधारात कुणी भलतंच काडतूस कोंबू नये म्हणून पुढच्या लाकडावर लाल पट्टा रंगवत. तुमच्या दस्त्यावर त्याच पट्ट्याचा अवशेष राहिलेला दिसतो.

म्हणजे ही अमेरिकेत जन्मली, विलायतेत राखणीला बसली, आणि दुसरं युद्ध संपल्यावर कापूनकुपून शिकारी रायफल म्हणून विकली गेली. आजोबांनी ती विकतच घेतली असणार. घरच्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आपल्याकडे प्रत्येक जुन्या बंदुकीला महायुद्ध चिकटतं, आणि ज्या जिल्ह्यात आपशिंग्यासारख्या एकाच गावचे 46 जण पहिल्या युद्धात कामी आले, तिथं ते चिकटणारच. पण आपल्या मराठा पलटणींच्या खांद्यावर तेव्हा आखूड .303 रायफल होती, ही नव्हे.

एवढी वंशावळ काढायचं कारण निव्वळ हौस नाही. हिची एक जुळी बहीण आहे, पॅटर्न 14. त्याच अमेरिकन कारखान्यांनी इंग्रजांसाठी बनवलेली, दिसायला हुबेहूब, पण बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, .303. आपल्याकडे .303 हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर तो ठेवता येत नाही. तेव्हा परवान्यावर, नळीवर आणि काडतुसाच्या बुडावर, तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे ना, एकदा शांतपणे ताडून बघा. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ पॅटर्न 14 घेऊन आले होते, परवान्यावर नुसतंच ‘बोल्ट ॲक्शन’. पुढचे सहा महिने ते साईट विसरले आणि कचेरीच्या पायऱ्या मोजत बसले.

आता कानांबद्दल. ही रायफल कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या बॉडीच्या मागच्या पुलावर, म्हणजे बोल्टच्या मुठीच्या वर, दोन जाड पोलादी कान उभे होते. त्यांच्या आडोशाला भोकाची साईट, आपण पीप साईट म्हणतो ती. तिथपासून पुढच्या पानापर्यंतचं अंतर जवळजवळ 32 इंच. पलटणीतल्या आखूड .303 वर हेच अंतर 19 इंचांच्या आसपास होतं, कारण तिची मागची साईट नळीवर, डोळ्यापासून लांब. लष्करी रायफलला शिकारी रूप देणाऱ्या कारागिरांना हे कान बेढब वाटायचे. त्यांनी ते घासून टाकले, पूल गोल केला आणि नळीवर एक देखणी व्ही खाच बसवली. रायफल सुंदर दिसायला लागली, पण तिच्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट भंगारात गेली. मी गेली पस्तीस वर्षं हे बोलतोय, आधी वर्कशॉपमध्ये आणि आता या सदरात.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. मागची साईट नळीवरून काढा आणि परत पुलावर न्या. भोकाचीच घ्या.

का, ते तुमच्याच पत्रात आहे. ‘खाच आणि माशी एकदम दिसत नाहीत.’ पन्नाशी उलटलेल्या डोळ्याची तक्रार याहून नेमकी सांगता येणार नाही. रायफल खांद्याला लावली की खाच डोळ्यापासून दीड-दोन फुटांवर, पुढचं पान तीन फुटांवर आणि निशाण पन्नास मीटरवर. विशीतला डोळा या तिघांत इतक्या झटकन येरझारा घालतो की तिन्ही एकदम स्पष्ट दिसल्यासारखी वाटतात. अठ्ठावन्नला भिंगाची लवचिकता गेलेली असते, मग खाचेच्या कडा ताकात बुडाल्यासारख्या दिसतात आणि माणूस तिच्यातच डोळा रुतवून बसतो. पीप साईटमध्ये भोकाकडे बघायचंच नसतं, भोकातून बघायचं असतं. खिडकीतून अंगण बघताना आपण चौकट कुठं बघतो? पुढच्या पानाचं टोक भोकाच्या मधोमध आणायचं काम डोळा आपणहून करतो, कारण मधोमध उजेड जास्त. आणि लहान भोकातून बघितलं की जवळचं-लांबचं दोन्ही जरा रेखीव होतं. खात्री हवी असेल तर आत्ता हे वाचताना चष्मा काढा, कागदाला सुईनं भोक पाडा आणि त्यातून ही ओळ वाचा.

भोक किती मोठं? दुकानदार नेमबाजीचं बारीक भोक दाखवेल, एक-सव्वा मिलिमीटरचं. ते रेंजवर, भर उन्हात, कागदाच्या निशाणासाठी. तुम्ही उसाच्या बांधावर संध्याकाळी उभे राहणार, तिथं त्यातून काळोखच दिसेल. तुम्हाला चार ते पाच मिलिमीटरचं भोक आणि बारीक कड असलेली चकती हवी. नेम धरला की कड विरून जाते आणि धुरकट कडं तेवढं उरतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की एवढ्या मोठ्या भोकातून काय नेम लागणार. लागतो. रानडुकरासाठी हवा त्याहून चांगला लागतो.

अंतर वाढल्याचा फायदा वेगळाच. तुमच्या हल्लीच्या खाचेपासून पुढच्या पानापर्यंत साधारण 450 मिलिमीटर भरतील. पुलावर साईट नेली की तेच 700 होतील. नेम धरताना हात अर्धा मिलिमीटर चुकला असं समजा. आत्ताच्या साईटवर 50 मीटरवर गोळी साडेपाच सेंटिमीटर बाजूला जाईल, पुलावरच्या साईटवर साडेतीन. रायफल तीच, काडतूस तेच, हातही तोच.

पण साईट मागवायच्या आधी एक तपासणी करायची आहे आणि तिच्यावर सगळं अवलंबून आहे. एडीस्टोनच्या कारखान्यात नळ्या बॉडीत फार जोरानं आवळलेल्या असत. पुढे कुणी नळी बदलायला गेलं की बॉडीच्या पुढच्या कड्याला बारीक चीर जायची. तुमची नळी कधी उतरवलेली आहे की नाही, कुणास ठाऊक. म्हणून लाकूड उतरवून बॉडीचं पुढचं कडं पेट्रोलनं स्वच्छ करायचं, मग रॉकेलचा बोळा फिरवायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. फडक्यानं कोरडं ठक्क पुसायचं आणि वर शाळेतल्या खडूची पूड फुंकायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. मी ही रेघ दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा मालकाला म्हटलं, भिंतीवर लावा, हिच्यातून पुन्हा गोळी उडवू नका. एकानं ऐकलं. दुसऱ्यानं काय केलं ते मी विचारलं नाही. पूड कोरडी राहिली तर पुढचं वाचा.

पुलाकडे नीट बघा. कान घासलेले आहेत, पण कसे? यंत्रावर घासले असतील तर पूल गोल, सारखा आणि बॉडीच्या पुढच्या कड्याशी मेळ खाणारा असेल. हाताने कानस चालवली असेल तर एका बाजूला उतार निघतो, आणि त्यावर साईट बसवली की ती कलते. कानांच्या खाली मुळातच एक पोकळी कोरलेली होती, काही रायफलींवर कान गेल्यावर तिचं तोंड उघडं पडतं. तसं असेल तर साईटचा पाया ती जागा टाळून बसणारा हवा. बॉडीचा तळ सपाट आहे. लाकूड उतरवून तो घोटीव लोखंडी पाटावर टेकवा आणि पुलावर पाणसळ धरा. बुडबुडा मधोमध आला नाही तर साईटखाली पातळ पत्रा घालून मेळ बसवायचा, पूल आणखी घासत बसायचं नाही. आणि घासण्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो : बॉडीवरचा नंबर आणि नळीवरचे शिक्के यांना पॉलिश पेपरसुद्धा लावू देऊ नका. नंबर पुसट झाला तर त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

पाया दोन स्क्रूंवर बसतो. अशा साईटींचे स्क्रू बहुतेक 6-48 आट्याचे, म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाडीचे आणि इंचाला 48 आटे. आपल्या बाजारातला मेट्रिक टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, त्यात चालवू नका, दोन फेऱ्या जाईल आणि तिसऱ्या फेरीला मोडून आत बसेल. या बॉड्या काही वेळा इतक्या कडक असतात की साधा ड्रिल वरच्या वर नाचतो, कार्बाइडचाच लागतो. हे काम फक्त दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे, त्याच्या रजिस्टरला नोंद करून. काम झालं की तिथंच उभं राहून बोल्ट बाहेर ओढा आणि अंगावर नवी चमकती रेघ दिसते का बघा. दिसली तर स्क्रू आत उतरून बोल्टला घासतोय. तो काढून पाव मिलिमीटर घासायला सांगा. लाजू नका.

पुढच्या पानाचं गणित मात्र स्वतः करा, कुणावर सोडू नका. गोळी जितकी चुकली त्याला दोन साईटींमधल्या अंतरानं गुणायचं आणि निशाणाच्या अंतरानं भागायचं, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमचं उदाहरण : 210 गुणिले 450 भागिले 50,000. उत्तर आलं 1.9. म्हणजे पडल्यामुळे आणि पक्कडीमुळे तुमचं पान जवळजवळ दोन मिलिमीटर ठेंगणं झालंय. पान ठेंगणं झालं की गोळी वर जाते. पान उंच केलं की खाली येते. मागच्या साईटचं याच्या उलट, ती जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते.

हे उलटंपालटं इतकं सोपं आहे की मीही एकदा चुकलो. नुकताच निवृत्त होऊन मिरजेला दुकान टाकलं होतं. शिराळ्याकडचे एक पाटील .315 बोअरची रायफल घेऊन आले, गोळी वर लागते म्हणाले. समोर चहा, गप्पा त्यांच्या पाव्हण्यांच्या, आणि माझ्या हातात कानस. पान घासलं. रेंजवर गोळी आणखी वर. परत घासलं. आणखी वर! तिसऱ्यांदा कानस टेकवली तेव्हा पान उरलं होतं तांदळाएवढं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की चोवीस वर्षं पोरांना जे शिकवलं त्याच्या बरोब्बर उलट आपण करतोय. पाटलांना नवीन पान माझ्या खर्चानं घालून दिलं. ते आजही लग्नकार्यात भेटले की विचारतात, ‘सुभेदार, कानस कुठाय?’

म्हणून पान मुद्दाम उंच घ्या. नवी मागची साईट तिच्या फिरकीच्या मधल्या खुणेवर ठेवा आणि तीन-तीन गोळ्यांचे दोन ग्रुप झाडा. गोळ्या खाली लागतील, लागू द्या. समजा 14 सेंटिमीटर खाली लागल्या, तर 140 गुणिले 700 भागिले 50,000, म्हणजे 1.96 मिलिमीटर घासायचं आहे. पण एकदम नाही. 0.2 मिलिमीटर घासलं की 50 मीटरवर गोळी सुमारे दीड सेंटिमीटर वर चढते, तेव्हा शेवटी शेवटी तेवढंच घासा आणि परत झाडा. आमच्या मिरजेत सतार बनवणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्यातला एखादा सतारीची जवारी काढताना बघा : घोडीवर कानशीचे दोन हात, मग तार छेडून कान देणार, मग पुन्हा एकच हात. जास्त गेलं तर परत आणता येत नाही हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. पान असंच घासायचं. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर मागच्या साईटच्या फिरकीनं जुळवा, ती त्यासाठीच आहे.

पान चौकोनी माथ्याचं घ्या, दोन मिलिमीटर रुंद. एवढं रुंद पान 50 मीटरवर साधारण 11 सेंटिमीटर जागा झाकतं, डुकराच्या अंगावर ते चालून जातं आणि तुमच्या डोळ्याला सापडतं. एक मिलिमीटरचं नाजूक पान रेंजवर शोभतं, बांधावर संध्याकाळी हरवतं. पानाखालचा उंचवटा नळीवर बसवताना मऊ डाखच वापरायला सांगा, कथील-शिशाचा, जो दोनशे अंशांच्या आत वितळतो. चांदीच्या डाखाला याच्या तिप्पट आच लागते. नळीची निळाई जाईल ती जाईलच, वर काय काय जाईल ते सांगता यायचं नाही.

आता मुलाची दुर्बीण. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, उगाच नाही म्हणायचं नाही. दुर्बिणीत निशाण आणि फुली एकाच पातळीवर दिसतात, म्हणजे तुमच्या डोळ्याचा प्रश्नच मिटतो, आणि उजेड कमी झाला की चांगली दुर्बीण कुठल्याही पानाला हरवते. शिवाय या रायफलच्या बोल्टची मूठ मुळातच खाली वाकलेली आहे, ती दुर्बिणीला आडवी येत नाही. जुन्या माऊझरला मूठ कापून वाकवावी लागते. तरी तुमच्या बाबतीत माझं मत पडत नाही. तुमचा दस्ता लोखंडी साईटसाठी कापलेला आहे, त्याची गाल टेकायची कड खाली आहे. दुर्बीण इंच-दीड इंच वर बसणार, मग गाल अधांतरी राहणार, आणि .30-06 च्या धक्क्याला अधांतरी गाल म्हणजे भुवईवर दुर्बिणीचा अर्धचंद्र. असे अर्धचंद्र मी बरेच पाहिलेत. ते टाळायचं तर दस्ता बदला, म्हणजे खर्च दुप्पट. आणि उसातून डुक्कर बाहेर पडतं ते तीस-चाळीस पावलांवर, दुर्बिणीत तेवढ्या जवळ नुसते केस दिसतात. मुलानं पुढे रेंजवर नेमबाजी करायची ठरवली तर त्याच्या नावाचा परवाना, त्याची रायफल आणि त्याची दुर्बीण.

त्याच्याऐवजी दोन पैसे चष्म्यावर घाला. दोन मजल्यांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून नेम धरला की मान वर करून खालच्या काचेतून बघावं लागतं आणि गाल सुटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, लांबच्या नंबरात अर्धा प्लस मिळवून एकाच नंबरची काच द्या. पानही दिसतं, निशाणही ओळखू येतं. डॉक्टरांनी कशाला म्हणून विचारलं तर खरं सांगा, नाहीतर ते तुम्हाला वाचायचा चष्मा देतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. साईट असो की दुर्बीण, विकत घ्यायच्या आधी जिल्हाधिकारी कचेरीच्या परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा आणि आलेलं उत्तर परवान्याच्या फाइलला लावून ठेवा. रायफल कारागिराकडे नेताना मूळ परवाना बरोबर हवा, झेरॉक्स नव्हे. नेम जुळवणं रेंजवरच, ओढ्यात दगडावर नाही. आणि परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी हातात असल्याशिवाय रानडुकरावर गोळी झाडता येत नाही, मग भुईमुगाचं कितीही नुकसान झालेलं असो. हे काम पुढची निवडणूक लागायच्या आत उरकून घ्या, नाहीतर रायफल ठाण्यात जमा आणि साईट तुमच्या कपाटात, असं दोन-तीन महिने बसावं लागेल.

प्रश्न : सुभेदारकाका, मी जतचा. माझ्याकडे .22 रायफल आहे, पुढे पितळेची गोल माशी आहे. त्याच रेंजवर, त्याच काडतुसांनी, सकाळी ग्रुप डावीकडे पडतो आणि संध्याकाळी उजवीकडे. नळी वाकली असेल का?

उत्तर : नळी सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे वाकत नाही, बाळ. तुमची रेंज उत्तरेकडे तोंड करून असणार, मी न येता सांगतो. सकाळी ऊन उजवीकडून येतं आणि गोल पितळेची उजवी कड तेवढी चमकते. डोळा त्या चमकेलाच माशी समजतो आणि तिला मधोमध आणतो, म्हणजे खरी माशी डावीकडे सरकते, आणि तिच्यामागे गोळीही. संध्याकाळी ऊन पश्चिमेचं, सगळं उलट. गोल पितळी माशीची गोळी नेहमी उन्हापासून लांब पळते. जुने शिकारी पितळ पसंत करत ते झाडीतल्या सावलीसाठी, उघड्या माळासाठी नव्हे.

इलाज दोन. एक म्हणजे डोळ्याकडचं गोल तोंड बारीक कानशीनं सपाट करून घ्या, उंचीला हात न लावता. तोंड सपाट झालं की ते सगळं एकसारखं उजळतं. त्याआधी फुकटचा इलाज करून बघा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. कापराची वडी वाटीत पेटवा आणि माशी त्या धुरावर क्षणभर धरा, ज्योतीत नाही. दाट काळी काजळी बसेल. तिला बोट लावू नका, कव्हरमध्ये कोंबू नका, आणि तशीच सकाळ-संध्याकाळ पाच-पाच गोळ्या झाडा. दोन्ही ग्रुप एकावर एक आले तर मला पुन्हा पत्र लिहू नका, कानस घ्या. आले नाहीत तर दोन्ही कागद पाठवा, कुठला सकाळचा ते मागे लिहून.